चित्रातला डावा दंड

समजा, तुमच्यासमोर एक कागद ठेवलाय. कागदावर माणसाचं चित्र आहे, नुसत्या रेषेचं. नाक नाही, डोळे नाहीत, कपडे नाहीत; डोकं, खांदे, हात, पोट, पाय, एवढंच. माणूस तुमच्याकडे तोंड करून उभा आहे. आता पेन घ्या आणि त्याच्या डाव्या दंडावर एक गोल काढा. फार विचार करत बसू नका, कारण पलीकडे न्हाणीघरात एक ओला माणूस खुर्चीवर बसलाय, त्याला टॉवेल हवाय आणि गरम पाणी संपत आलंय.

काढलात? कागदाच्या कुठल्या बाजूला काढलात?

तुमचा गोल तुमच्या डाव्या हाताकडे पडला असेल, तर तो चुकला. चित्रातला माणूस तुमच्याकडे बघतोय. त्याचा डावा हात तुमच्या उजवीकडे आहे. वाईट वाटून घेऊ नका. पेनवाली अकरा वर्षं हीच चूक करत होती, आणि अकरा वर्षं त्या चुकीनं कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पेनवाली हे अर्थात टोपणनाव. तिच्या गळ्यात जाड दोऱ्याला बांधलेलं एक निळं पेन कायम लटकत असे, त्यावरून पडलेलं. ती काम करायची त्या तीन मजली शुश्रूषा केंद्रात अडतीस माणसं राहत. सगळी मोठी, वयानं वाढलेली. पण कुणाचं अंग अर्धं गेलेलं, कुणाची आठवण पुसलेली, कुणाची समज लहानपणीच थांबलेली. त्यांना अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, भरवायचं, उठवायचं, बसवायचं, हे तिचं काम. आणि अंगावर कुठे ओरखडा, सूज, काळंनिळं काही दिसलं, तर तो चित्राचा कागद भरायचा. बाकीच्या बाया हा कागद टाळायच्या. पेनवाली टाळत नसे.

"हळू गं बायांनो," चहाच्या सुट्टीत कुणीतरी म्हणायचंच, "हिच्यासमोर डास बसला तरी कागद होईल त्याचा."

"होईलच," पेनवाली म्हणायची. "आणि साक्षीदार म्हणून तुझं नाव घालीन."

हे सगळं तिला शिकवलं होतं सिस्टरनं. सिस्टर म्हणजे मधल्या मजल्याची मुख्य परिचारिका, पेनवालीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, चालताना चपलेचा आवाज न करणारी बाई. पेनवाली नवी होती तेव्हा पहिल्याच आठवड्यात सिस्टरनं तिला समोर बसवून सांगितलं होतं, "का झालं, कुणी केलं, हे ठरवणारे आपण नाही. आपण नुसते डोळे. दिसलं की लिहायचं. यांच्यातले निम्मे बोलू शकत नाहीत, त्यांच्या बाजूनं बोलणारा हा एकच कागद असतो."

मग पेनवालीनं पहिला कागद भरला, आणि सिस्टर खळखळून हसली.

"अगं बाई, आजोबांचा डावा गुडघा सुजलाय आणि तू उजवा रंगवलास! चित्रातला माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे ना?"

पेनवाली ओशाळली. पुढचे चार कागद तिनं डोकं लावून भरले, त्यातले दोन चुकलेच. शेवटी सिस्टर म्हणाली, "राहू दे. तुझा हात जिकडे जातो तिकडे जाऊ दे. सही मलाच करायची असते, मी विचारून अक्षर घालत जाईन." आणि तिनं गोलाशेजारी बारीक 'डा' लिहिलं. डाव्याचं डा, उजव्याचं उ. तेव्हापासून तीच रीत पडली. पेनवाली गोल काढायची, सिस्टर विचारायची, "कुठला गं?", पेनवाली स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायची, सिस्टर अक्षर घालून सही करायची. कागद दोघींचा असे. एकीचे डोळे, दुसरीचं अक्षर.

ड्युटीवर ती 'सिस्टर' असे. बस थांब्यावर आल्या की 'ताई'. पेनवालीची आई शेवटचा महिनाभर अंथरुणाला खिळली होती, तेव्हा हीच ताई आपली ड्युटी संपवून रोज तिच्या घरी जायची. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून म्हातारीला कुशीवर कसं वळवायचं, उशी कुठे सरकवायची, हे हात धरून दाखवायची. आई गेली तेव्हा तिच्या पाठीवर एक डाग नव्हता. पेनवाली हे कुणालाही सांगायची, पाणपोईवर भेटलेल्या अनोळखी बाईलासुद्धा.

मधल्या मजल्यावर खिडकीजवळच्या खाटेवर घड्याळजी राहायचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. झटक्यानं त्यांची उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणंही गेलं. सगळे शब्द गेले, एकच उरला. "बरं." भूक लागली, बरं. उशी टोचतेय, बरं. दिवा बंद करा, बरं. नवख्या माणसाला वाटायचं, किती समाधानी गृहस्थ! पण पेनवालीला त्या एका शब्दाच्या डझनभर तऱ्हा ठाऊक होत्या. "बरंऽऽ" असं लांबलं की लघवी लागलीय. "बरंबरं" म्हणजे पुरे, आणखी भरवू नका. आणि दातांत चावलेलं आखूड "बरं!" ही शिवी. त्यांच्या डाव्या मनगटावर चावीचं घड्याळ असे. उजव्या हातानं चावी देता येत नाही, म्हणून रोज सकाळी पेनवाली द्यायची, आणि ते कानाजवळ नेऊन गाणं म्हटल्यासारखं "बरं" म्हणायचे.

त्या वर्षी मजल्यावर नवा माणूस आला. सिस्टरचा जावई. कारखाना बंद पडल्यावर सहा महिने घरी बसलेला, म्हणून सिस्टरनं शब्द टाकून त्याला लावून घेतला होता. बायांनी पहिल्याच दिवशी त्याचं 'जावईबापू' करून टाकलं. माणूस हसतमुख, दणकट, कामाला वाघ. केंद्राचा नियम असा, की लुळ्या माणसाला उचलताना दोघं हवेत आणि कमरेला रुंद पट्टा बांधायचा. ओढायचं ते पट्ट्याला धरून, माणसाला धरून नाही. जावईबापू एकटाच उचलायचा.

"जावईबापू, पट्टा कुठाय?" पेनवालीनं एकदा विचारलं.

"मावशी, पट्टा कशाला? देवानं हात दिलेत की." त्यानं दंड फुगवून दाखवला. बाया हसल्या. खरं सांगायचं तर पेनवालीही हसली होती.

पंधरा दिवसांनी, सकाळच्या अंघोळीला घड्याळजींचा सदरा काढताना तिचं हसू संपलं. डाव्या दंडावर बाहेरून चार जांभळे डाग, एकाखाली एक, आणि आतल्या बाजूला एक मोठा. तिनं स्वतःचा हात न टेकवता त्यावर धरून पाहिला. चार बोटं आणि अंगठा. तिच्यापेक्षा मोठा पंजा.

"कुणी धरलं हो असं?"

"बरं," घड्याळजी म्हणाले. ही तऱ्हा तिनं आधी कधी ऐकली नव्हती. पार तळातून आलेली, शेवटाला विझलेली.

तिनं टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला आणि कागद भरला. गोल काढला. खाली लिहिलं: दंडावर बोटांच्या पाच खुणा, जांभळ्या, ताज्या. आदल्या दिवशी उचलण्याची ड्युटी कुणाची, या रकान्यात तक्त्यावरचं नाव लिहिलं. पेन क्षणभर अडखळलं, पण लिहिलं.

सिस्टरनं कागद हातात घेतला आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ वाचला.

"ड्युटीचं नाव लिहिलंस?"

"रकाना आहे ना. तुम्हीच शिकवलंय."

"हं." सिस्टरनं कागद टेबलावर पालथा ठेवला. "ठेव. मी बघते."

"कुठला गं?" असं तिनं विचारलं नाही. तेवढ्यात तळमजल्यावरून घंटा वाजली, पेनवाली धावली, आणि अक्षराची गोष्ट तिच्या डोक्यातून गेली. अकरा वर्षांत ती तिनं डोक्यात ठेवलीच कुठे होती?

बाहेरच्या कार्यालयातून संरक्षण अधिकारी आल्या नवव्या दिवशी. अशा कागदाची चौकशी करणं हेच त्यांचं काम. चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलणाऱ्या बाई. आधी त्या सिस्टरला घेऊन घड्याळजींकडे जाऊन आल्या, मग व्यवस्थापकांच्या खोलीत पेनवालीला बोलावलं. खोलीत व्यवस्थापक, अधिकारीबाई आणि भिंतीला लागून सिस्टर. पेनवालीला सिस्टरला पाहून हायसं वाटलं.

"हा कागद तुमचा?"

"हो, मॅडम."

"खूण इथेच होती? हा गोल बरोबर आहे?"

तिनं गोल पाहिला. नेहमीच्या जागी होता. "हो, तिथेच."

अधिकारीबाईंनी चष्मा खाली घेतला. "मी आत्ता त्यांचा उजवा दंड नीट पाहिला. काही नाही. नऊ दिवसांत इतकं साफ जात नाही. मी विचारलंही, कुणी त्रास देतं का. ते 'बरं' म्हणाले. निघताना डावा हात वर करून मला निरोपही दिला त्यांनी."

घड्याळजी कधी कुणाला निरोप देत नसत. त्यांनी हात दाखवला होता.

"उजवा कुठला मॅडम, डावा! डाव्या दंडावर होतं!"

"आत्ता तर गोल बरोबर आहे म्हणालात."

"म्हणजे गोल... माझा गोल उलटाच असतो. सिस्टर अक्षर घालतात."

व्यवस्थापक खुर्चीत मागे रेलले. "आता बाजू बदलली का?"

अधिकारीबाईंनी कागद तिच्यासमोर सरकवला. गोलाशेजारी अक्षर नव्हतं. खाली सिस्टरची सही होती, वळणदार, नेहमीसारखी. पेनवालीनं वळून सिस्टरकडे पाहिलं. तीन शब्द पुरले असते. 'ही उलटंच काढते,' एवढं.

सिस्टर म्हणाली, "डाव्या दंडावर थोडं पिवळट आहे, ते आम्हाला माहीत आहे. त्यांची उजवी बाजू लुळी, म्हणून रक्तदाबाचा पट्टा रोज डाव्याच दंडाला बांधतो आम्ही. या वयात कातडी नाजूक असते, मॅडम."

आवाज तोच होता. कुशीवर कसं वळवायचं ते सांगणारा.

"आणि सही?" अधिकारीबाईंनी विचारलं.

"सही कागदावर करते मी. माणूस हिनं पाहिलेला असतो."

पेनवालीला बोलायचं खूप होतं. कपाटात जुने कागद आहेत, ते काढा, प्रत्येकावर अक्षर आहे. पण हे तिला सुचलं जिना उतरून खाली आल्यावर. खोलीत तिच्या तोंडून निघालं एवढंच, "ताई, असं काय करता?" आणि ड्युटीवर तिनं 'ताई' म्हटलेलं व्यवस्थापकांनाही खटकलं.

शेरा आला: आरोप सिद्ध होत नाही, नोंदीत विसंगती. दुसऱ्या दिवसापासून पेनवालीला तळमजल्यावर धुण्याच्या खोलीत टाकलं. जावईबापू वरच राहिला, त्याच मजल्यावर, त्याच खाटांपाशी. जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "मावशी, माझं काही वाकडं नाही हं तुमच्याशी." आणि तिची जड टोपली एका हातानं उचलून वर नेऊन ठेवली. तिला तेच जास्त झोंबलं.

बस थांब्यावर सिस्टर आता एक बस आधीची धरू लागली.

धुण्याच्या खोलीत चार यंत्रं, एक लांब टेबल आणि जाळीची खिडकी. वरचं काही दिसत नसे, पण वरचे कपडे मात्र सगळे खाली येत. प्रत्येक कपड्याच्या कॉलरला खाटेचा क्रमांक शिवलेला. फाटलेले वेगळे काढून पेनवाली घरी न्यायची, कारण केंद्राची शिलाई तिच्या नवऱ्याकडे असे. तो शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं यंत्र. बोलायला महाकंजूष.

तिसऱ्या आठवड्यात त्यानं घड्याळजींचे दोन सदरे टेबलावर शेजारी शेजारी मांडले.

"या माणसाचं काय चाललंय?"

"का?"

"शिवण उसवली असती तर धागा तुटला असता. इथे धागा शाबूत आहे, कापड ताणून फाटलंय, काखेपाशी. दोन्ही सदऱ्यांना एकाच बाजूला. याला कुणीतरी दंड धरून खेचतंय."

"कुठल्या बाजूला?" पेनवालीनं विचारलं, आणि तिनंच बोट दाखवलं. "ही उजवी ना?"

नवऱ्यानं सदरा उचलला आणि साडीवरूनच तिच्या अंगात चढवला. "माप घेताना गिऱ्हाइकाचं डावं-उजवं बघायचं, आपलं नाही. पहिल्या दिवशी शिकवतात आम्हाला. आता सांग."

तिच्या डाव्या काखेतून हवा आत येत होती.

ती तशीच, घड्याळजींच्या सदऱ्यात, खाली बसली. नवऱ्यानं दिलेलं पाणी तिनं घेतलं नाही. रक्तदाबाचा पट्टा बांधताना बाही वर गुंडाळतात. त्यानं काख फाटत नाही, हे सिस्टरला ठाऊक नव्हतं थोडंच. म्हणजे वर रोज सकाळी तेच चाललं होतं, आणि रोज सकाळी एक माणूस ते सांगत होता, एकुलत्या एका शब्दात.

या वेळी तिनं कागद भरला आणि चित्रातल्या माणसाकडे पाहण्याआधी कागद स्वतःच्या छातीवर धरला, चित्र बाहेर, त्याची पाठ तिच्याकडे. त्याचा डावा तिच्या डाव्याकडे आला. बोटानं जागा पकडून ठेवली, कागद उलटला, गोल काढला. शेजारी 'डा' नाही, आख्खं लिहिलं: डावा दंड. आणि सिस्टरच्या टेबलाकडे न जाता सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून ती अधिकारीबाईंच्या कार्यालयात गेली. पिशवीत दोन सदरे, क्रमांकासकट.

"मागच्या वेळी माझा गोल चुकला," ती म्हणाली. "माणूस चुकला नव्हता. तुम्ही सकाळी सात वाजता या. न सांगता. आणि एकदा आमच्या मजल्याचे जुने कागद बघा."

अधिकारीबाईंनी सदरे उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "त्यांनी हात हलवला, आणि मीही हलवला हो."

त्या आल्या. साताला पाच कमी असताना मधल्या मजल्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि जावईबापूनं घड्याळजींना खाटेवरून खुर्चीत कसं घेतलं ते त्यांनी स्वतः पाहिलं. कमरेचा पट्टा भिंतीवर खुंटीला होता. त्यावर धूळ होती. दुपारपर्यंत जावईबापूला घरी पाठवलं, महिनाअखेर कायमचं. सिस्टरला लेखी समज मिळाली. कपाटातून पेनवालीचे जुने कागद निघाले, अक्षराची रीत पडल्यापासूनचे, एकशे बेचाळीस. प्रत्येकावर गोल उलटा, प्रत्येकावर शेजारी बारीक अक्षर. फक्त एकावर नाही. याचं कारण विचारल्यावर सिस्टरनं सांगितलं, कामाच्या गडबडीत राहिलं. अहवालातही तसंच आलं: अक्षर अनवधानाने राहिले.

पेनवाली वर परतली. पहिल्या सकाळी तिनं चावी देऊन घड्याळ घड्याळजींच्या कानाशी नेलं. ते ऐकत राहिले. बरं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. ती खांद्याला हात लावायला गेली की त्यांचा डावा दंड आपसूक अंगाशी मिटायचा, हात तिचा असला तरीही. आठव्या दिवशी कुठे ते गाणं आलं, अर्धंमुर्धं.

बायांनी पेनवालीसाठी चहा आणला, पाठ थोपटली. "जिंकलीस की गं!" त्या म्हणाल्या. तिला जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं. सिस्टर अजून त्याच टेबलाशी बसायची. निवृत्तीला सात महिने होते. मुलगी जावयाला घेऊन आईकडेच राहायला आलीय, असं कानावर आलं होतं. पेनवाली कागद घेऊन गेली की सिस्टर खाली मान घालून सही करायची. अक्षराची आता गरज नव्हती.

एकदा सिस्टर रजेवर असताना पेनवालीला कपाटातून काही काढायचं होतं, तेव्हा तो बिनअक्षराचा कागद हाती लागला. तिनं तो खिडकीपाशी नेला. गोल, सही, सगळं ठाऊक होतं. पण गोलाशेजारी, जिथे अक्षर असायचं नेमकं तिथे, शाईचा एक ठिपका होता. टाचणीच्या डोक्याएवढा, कडांनी किंचित पसरलेला. पेन टेकवून काही वेळ तसंच धरलं की शाई पसरते तसा. पेनवालीच्या गळ्यात पेन होतं. तिनं कोऱ्या कागदावर ते टेकवलं आणि मनात आकडे मोजले. चारपर्यंत तेवढा ठिपका झाला नाही. सातपर्यंतही नाही.

गडबडीत राहिलं असतं, तर ठिपका नसता.

तिनं कागद जागेवर ठेवला. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. अधिकारीबाईंना नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. संध्याकाळी ती बस थांब्यावर उभी राहते, सिस्टरची बस आधीच गेलेली असते, आणि तिला विचारायचं असतं ते तोंडाशी येऊन थांबतं: ताई, पेन टेकवलं होतं ना तुम्ही? मग ते उचलेपर्यंतच्या तेवढ्या वेळात, त्या ठिपक्यात, घड्याळजी एकदा तरी दिसले होते का तुम्हाला?